एचबीए१सी तपासणी: नऊ महिन्यांत पाच वेळा करून घेतल्यानंतरचा अभिप्राय

गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत मी सोलापुरातील आमच्या भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच वेळा एचबीए१सी, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यात ‘तीन महिन्यांची साखर’, ही तपासणी करून घेतली. प्रत्येक वेळी साडेचारशे रुपये दिले. याच काळात घरी ग्लुकोमीटर वापरला, एकदा दंडावर साखर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला आणि एकदा भावजयीसाठी फ्रुक्टोसामीन नावाची कमी परिचित तपासणी करवली. या सर्वांविषयी येथे लिहिणार असलो तरी अभिप्राय मुख्यतः पहिल्या तपासणीचा आहे. उपचार सुधारल्यावर हा आकडा कधी, किती आणि कशामुळे हलतो हे माहीत नसल्यामुळे मी स्वतः जवळजवळ दोन आठवडे विनाकारण खचलो होतो, आणि माझ्या ओळखीतली कितीतरी माणसे आजही त्याच कारणाने खचताना दिसतात.

आधी सेवेविषयी. तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही, दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येते, आणि ही सोय वयस्कर माणसांसाठी लहान नाही. हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून ते जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए असते. पाचही वेळा एकाच टोचण्यात काम झाले आणि रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आला. रिपोर्टवर तपासणीची पद्धत एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पद्धत) अशी स्पष्ट छापलेली असते, टक्केवारीच्या खाली त्या टक्केवारीशी जुळणारी सरासरी साखरही दिलेली असते, आणि या दोन ओळी ज्या रिपोर्टवर नसतील तो मी यापुढे अपुरा समजेन. नवे यंत्र, स्वच्छ खोली, नम्र कर्मचारी, सर्व काही ठीक. तक्रारीची जागा वेगळी आहे, ती ओघात येईलच.

जूनमध्ये माझा पहिला आकडा ९.६ टक्के आला. त्यापुढे सरासरी साखर २२९ अशी छापलेली होती. हा दुसरा आकडा लॅब वेगळा मोजत नाही, सूत्राने काढते: टक्केवारीला २८.७ ने गुणायचे आणि ४६.७ वजा करायचे, की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये अंदाजित सरासरी मिळते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून हे सूत्र आले. त्यानुसार ६ टक्क्यांना १२६, ७ ला १५४, ८ ला १८३, ९ ला २१२ आणि १० ला २४० अशी सरासरी बसते, म्हणजे एका टक्क्यामागे साखरेत साधारण २९ अंकांचा फरक पडतो. मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे हे सूत्र पाठ व्हायला वेळ लागला नाही, आणि पुढचा गोंधळही त्या पाठांतरामुळेच झाला.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिनबरोबर आणखी एक गोळी सुरू केली, रात्रीच्या जेवणातला भात बंद केला आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालायला सांगितले. गोळ्या सुरू करण्यापूर्वी त्यांनी मला डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी पाठवले होते, त्याचे कारण मला तेव्हा उमगले नव्हते. दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर १९० वरून १२५ ते १३० वर आली. घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदींची सरासरी १५० च्या आसपास स्थिरावली. उत्साहाच्या भरात मी पाच आठवडे होताच, डॉक्टरांना न विचारता, लॅबमध्ये जाऊन पुन्हा एचबीए१सी केली. माझ्या हिशेबाने १५० सरासरीला ६.९ च्या जवळपास आकडा यायला हवा होता. आला ८.५, आणि त्याखाली सरासरी साखर १९७.

लॅबच्या खिडकीवर बसलेल्या व्यक्तीने रिपोर्टकडे पाहून, औषध नीट लागू पडत नसावे, तुम्ही दर महिन्याला तपासणीचे वार्षिक पॅकेज घ्या, असे सुचवले. घरी येऊन मी आधी ग्लुकोमीटरवर संशय घेतला, मग स्ट्रिपच्या डबीवर, मग गोळ्यांवर आणि शेवटी स्वतःच्या पथ्यावर. यातले काहीही चुकलेले नव्हते. मीटर खरे बोलत होता, लॅबही खरे बोलत होती. दोघे वेगवेगळ्या काळाविषयी बोलत होते, एवढेच.

ते समजण्यासाठी ही तपासणी नेमके काय मोजते हे पाहावे लागते. तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलीन नावाचे अमिनो आम्ल असते आणि रक्तातले ग्लुकोज कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय, हळूहळू, त्याला चिकटत जाते. रक्तात ग्लुकोज जितके जास्त, तितके चिकटण्याचे प्रमाण जास्त. एकदा पक्के चिकटलेले ग्लुकोज सहसा सुटत नाही. ती पेशी मरेपर्यंत ते तिच्याबरोबर राहते. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. त्यामुळे आज मी साखर अगदी उत्तम ठेवली तरी मागच्या महिन्यांत गोडावलेल्या पेशी अंगात फिरतच असतात आणि लॅब त्यांनाही मोजते.

मात्र सर्व दिवसांचे वजन सारखे नसते, आणि ‘तीन महिन्यांची सरासरी’ हे प्रचलित नाव येथेच दिशाभूल करते. एखादी शाळा अशी कल्पावी की तिथे रोज एक नवा विद्यार्थी दाखल होतो आणि बरोबर १२० दिवसांनी दाखला घेऊन जातो. आज वर्गात बसलेल्या १२० जणांपैकी कालचा तास जवळजवळ सर्वांनी ऐकलेला असतो, साठ दिवसांपूर्वीचा निम्म्यांनी, आणि शंभर दिवसांपूर्वीचा फक्त वीस जणांनी. आज सगळ्या वर्गाची परीक्षा घेतली तर उत्तरपत्रिकांवर अलीकडच्या तासांची छाप सर्वांत जास्त दिसणार. रक्ताचेही तसेच आहे. एचबीए१सीच्या आकड्यातला सुमारे निम्मा हिस्सा मागच्या ३० दिवसांच्या साखरेतून येतो, साधारण एक चतुर्थांश त्याआधीच्या महिन्यातून आणि उरलेला एक चतुर्थांश त्याही आधीच्या दोन महिन्यांतून. म्हणून साखर एकदम सुधारली आणि त्या पातळीवर टिकली, तर एकूण जो बदल व्हायचा त्यातला निम्मा बदल सुमारे पाच आठवड्यांत दिसतो, बराचसा तीन महिन्यांत, आणि बाकी शेपटासारखा चौथ्या महिन्यापर्यंत रेंगाळतो.

आता माझा आकडा पुन्हा पाहावा. ९.६ वरून ६.९ वर जायचे तर एकूण उतार २.७ टक्क्यांचा. पाच आठवड्यांनी त्याचा निम्मा म्हणजे १.३५ उतरून ८.२ ते ८.३ असायला हवे होते; पण साखर पहिल्या दिवशीच खाली आलेली नव्हती, तिला दोन आठवडे लागले होते, त्यामुळे ८.५ हा आकडा निराशेचा नसून जवळजवळ पुस्तकात शोभेल असा होता. डॉक्टरांनी हे मला कागदावर रेघा ओढून समजावले आणि वर प्रेमाने रागावले, की मधल्या काळात तपासणी करायचीच असेल तर तिचा अर्थ लावायलाही माझ्याकडे या. औषध बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी तपासणी, आणि आकडा मनासारखा स्थिरावल्यावर वर्षातून किमान दोनदा, असा सर्वमान्य प्रघात आहे. लॅबच्या खिडकीवर दर महिन्याचे पॅकेज सुचवले जाते तेव्हा या प्रघाताचा उल्लेख होत नाही, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. चिंतेत असलेल्या माणसाला औषधाविषयीचे मत देणे हे खिडकीवरच्या व्यक्तीचे काम नव्हे.

सप्टेंबरमध्ये तीन महिने झाल्यावर आकडा ७.३ आला, डिसेंबरमध्ये ६.९. म्हणजे गोळ्या त्याच, चालणे तेवढेच, घरच्या मीटरवरची सरासरीही ऑगस्टपासून तीच, आणि तरी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात ०.४ टक्के आणखी उतरले. या उशिरा येणाऱ्या उताराची कल्पना नसेल तर सप्टेंबरमध्येच औषध वाढवण्याचा आग्रह धरला जाण्याची शक्यता असते. माझ्या डॉक्टरांनी तो मोह टाळला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

या तपासणीचा जन्म मला स्वतःला फार आवडलेला भाग आहे, म्हणून थोडे विषयाच्या मुळाशी जातो. मधुमेहींच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन तेहरान विद्यापीठातील डॉ. सॅम्युएल रहबर यांच्या नजरेस १९६८ मध्ये पडले. ते खरे तर हिमोग्लोबिनचे दुर्मीळ प्रकार शोधत होते. नमुन्यांमध्ये एक अनोळखी पट्टी दिसली आणि चौकशी केल्यावर ते रुग्ण मधुमेही निघाले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील कोनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी साखर आटोक्यात आणण्यासाठी रुग्णालयात ठेवलेल्या पाच रुग्णांमध्ये दाखवून दिले की रक्तातली साखर खाली आली की मागोमाग, काही आठवड्यांच्या अंतराने, हा आकडाही खाली येतो. अवघे पाच रुग्ण, पण आज सोलापुरातल्या गल्लीत साडेचारशे रुपयांत मिळणारी माहिती त्या निरीक्षणावर उभी आहे. माझ्या पाच रिपोर्टांतला उतार मी आलेखावर काढला तेव्हा तोच क्रम माझ्या रक्तात दिसला, याचा मला मनापासून आनंद झाला.

या आकड्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर पुढच्या दोन मोठ्या अभ्यासांनी दिले. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काटेकोर उपचाराच्या गटाचा आकडा ७ च्या आसपास आणि नेहमीच्या उपचाराच्या गटाचा ९ च्या आसपास राहिला. आधी डोळे निरोगी असलेल्यांमध्ये काटेकोर गटात दृष्टिपटलाचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ब्रिटनमधल्या टाइप २ मधुमेहाच्या अभ्यासातून आकड्यातल्या प्रत्येक एका टक्क्याच्या घटीबरोबर डोळे आणि मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीत ३७ टक्के घट असा संबंध दिसला. घरच्या मीटरवर एका सकाळी दिसलेली १२० साखर कितीही सुखावणारी असली तरी एवढा आधार तिच्या पाठीशी नाही.

त्याच अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती आणि जूनमध्ये डोळ्यांची तपासणी का झाली याचे उत्तर तिथे आहे. बराच काळ चढलेली साखर झपाट्याने खाली आली तर ज्यांच्या दृष्टिपटलावर आधीच विकार आहे त्यांचा तो विकार पहिल्या वर्षात काहीसा वाढू शकतो, आणि नंतर मात्र सुधारलेल्या साखरेचा लाभ मिळतो. म्हणून उतार किती वेगाने हवा हे डॉक्टरांनी ठरवावे. तीन महिन्यांत आकडा दोन टक्क्यांहून अधिक कोसळल्यावर काहींना पायांच्या नसांच्या तीव्र वेदना सुरू होतात, हेही वैद्यकात नोंदलेले आहे. माझा पडदा निरोगी निघाला. चष्म्याचा नंबर मात्र जुलैमध्ये विचित्र बदलला, वर्तमानपत्र धूसर दिसू लागले आणि मी नवा चष्मा करायला निघालो होतो; साखर बदलली की डोळ्यातल्या भिंगाचा आकारही काही काळ बदलतो, तेव्हा साखर स्थिरावेपर्यंत चष्म्यावर खर्च करू नये असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, आणि दीड महिन्यात जुना चष्मा पुन्हा चालू लागला.

आता सेन्सरविषयी. नोव्हेंबरच्या शेवटी दंडावर रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा सेन्सर लावला. त्याला सुमारे साडेचार हजार रुपये पडले. हा सेन्सर रक्त नव्हे तर त्वचेखालच्या पेशींमधला द्रव मोजतो, त्यामुळे जेवणानंतर साखर वेगाने चढत असताना तो रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. १४ दिवसांची सरासरी १४२ आली, त्यावरून त्याच्या अॅपने एचबीए१सीशी तुलना करता येईल असा निर्देशांक ६.७ दाखवला, आणि ७० ते १८० या पट्ट्यात साखर ८२ टक्के वेळ राहिली असे सांगितले. हा पट्ट्यातला वेळ ७० टक्क्यांच्या वर असावा असे बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी सांगितले जाते आणि ते प्रमाण साधारण ७ टक्के एचबीए१सीशी जुळते. दोन आठवड्यांनी लॅबने ६.९ दिले. ०.२ चा हा फरक मला पूर्वी अस्वस्थ करून गेला असता. आता कळते की एकाने १४ दिवस पाहिले आणि दुसऱ्याने चार महिने, शिवाय प्रत्येकाच्या तांबड्या पेशींचे आयुष्य काटेकोरपणे १२० दिवसांचे नसते, त्यामुळे दोन माणसांची सरासरी साखर सारखी असूनही त्यांचे एचबीए१सी किंचित वेगळे येऊ शकते.

सेन्सरने जे दाखवले ते एचबीए१सी कधीच दाखवू शकली नसती. सकाळी पोहे आणि साखरेचा चहा घेतला की साखर तासाभरात २२० पर्यंत जात होती. घरच्या मीटरवर मी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पाहत होतो. न्याहारीनंतर कधीच पाहिले नव्हते. फ्रान्समधल्या लुई मोनिए यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले होते की आकडा १० च्या वर असताना जास्तीच्या साखरेचा मोठा वाटा उपाशीपोटीच्या साखरेचा असतो, तर ७.३ च्या खाली आल्यावर सुमारे ७० टक्के वाटा जेवणानंतरच्या चढाचा असतो. म्हणजे जूनमध्ये माझ्या रात्रीच्या भाताला आणि गोळ्यांना जे काम होते, ते डिसेंबरमध्ये न्याहारीच्या ताटलीकडे आले होते. पोह्यांच्या जागी मटकीची उसळ आणि अर्धी ज्वारीची भाकरी घेऊ लागलो, चहातली साखर सोडली, आणि मार्चमध्ये आकडा ६.६ आला. साडेचार हजार रुपये दरमहा घालवण्याची गरज मला वाटत नाही, परंतु आकडा ७ च्या आसपास अडून बसला असेल तर एकदा केलेला हा खर्च मला योग्य वाटतो.

ग्लुकोमीटरबद्दल थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ ते १७२ यांपैकी काहीही दाखवून मानकात बसतो. म्हणून एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. सरासरी काढायची तर ठरलेल्या वेळी, आठवडाभर, न चुकता नोंदी ठेवाव्यात, आणि फक्त चांगल्या दिवशी बोट टोचण्याची सवय मोडावी. स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिप खराब होतात, ही साधी गोष्टही मी पावसाळ्यात एक डबी वाया घालवून शिकलो.

लॅबच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. सप्टेंबरमध्ये ७.३ आल्यावर आठवड्याभरात एका आरोग्य शिबिरात बोटाच्या थेंबावर मोफत एचबीए१सी केली तर ७.८ आली. या तपासणीच्या मानकीकरणासाठी १९९६ पासून चालणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमाच्या प्रमाणपत्रासाठीदेखील निकाल संदर्भ प्रयोगशाळेच्या ५ टक्क्यांच्या आत असावे लागतात. ७ टक्क्यांच्या आकड्यात हा ५ टक्क्यांचा फरक म्हणजे वर किंवा खाली ०.३५. त्यामुळे ०.२ किंवा ०.३ च्या फरकाने हर्ष किंवा खेद मानू नये. साधारण अर्ध्या टक्क्याचा बदल खरा बदल म्हणून धरला जातो. यावरून एक व्यवहार्य गोष्ट निघते: लॅब आणि पद्धत बदलू नये. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकाच आलेखावर मांडले तर उतार कुठे औषधाचा आणि कुठे यंत्राचा हे सांगता येत नाही.

याहून गंभीर मर्यादा माझ्या भावजयीच्या बाबतीत समोर आली. वय ४४, उपाशीपोटीची साखर ९२, जेवणानंतर दोन तासांनी १२५, आणि कुटुंबात मधुमेह आहे म्हणून केलेली एचबीए१सी मात्र ६.६. निदानाची रेषा ६.५ ची आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती निदानासाठी स्वीकारली. रिपोर्ट हातात पडल्यावर तिने दोन दिवस जेवण टाकले. डॉक्टरांनी तिचे हिमोग्लोबिन पाहिले तर ते ८.९ होते, आणि लोहाची मोठी कमतरता निघाली. लोह कमी असताना नव्या तांबड्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि साखर वाढलेली नसतानाही एचबीए१सी वर सरकू शकते. अशा वेळी तांबड्या पेशींशी संबंध नसलेली खूण उपयोगी पडते. फ्रुक्टोसामीन ही तशी खूण: ती रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते, आणि अल्ब्युमिनचे आयुष्य कमी असल्यामुळे मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला, रिपोर्टला तीन दिवस लागले, आणि निकाल २३८ आला. लॅबने छापलेली वरची मर्यादा २८५ होती. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्यावर तिची एचबीए१सी ५.८ झाली. साखरेचे एकही औषध न घेता. हे जर कोणी पाहिले नसते तर तिच्यावर मधुमेहाचा शिक्का बसला असता, आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्ताची कमतरता किती सर्रास आढळते हे लक्षात घेतले तर ही काळजी केवळ माझ्या घरापुरती उरत नाही.

उलट दिशेची फसगत अधिक धोक्याची. तांबड्या पेशींचे आयुष्य ज्या कारणाने घटते, त्या कारणाने आकडा खोटा खाली येतो: रक्तपेशी लवकर फुटण्याचे आजार, नुकताच झालेला मोठा रक्तस्राव, मूत्रपिंडाच्या विकारात रक्त वाढवण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शने, गर्भारपणाचे महिने. रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशी मिसळतात आणि आकडा रुग्णाचा राहतच नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार, आढळतो. तिथल्या मधुमेही व्यक्तीच्या रिपोर्टवर ६.२ असे छापून आले म्हणून साखर उत्तम आहे असे धरणे चुकीचे ठरेल. हिमोग्लोबिनच्या अशा प्रकारांचा काही पद्धतींवर परिणाम होतो, काहींवर होत नाही, म्हणून रिपोर्टवर पद्धत छापलेली असण्याला मी सुरुवातीला एवढे महत्त्व दिले. एचपीएलसीच्या आलेखावर वेगळे शिखर दिसले तर चांगली लॅब तसा शेरा लिहिते. आमच्या लॅबने भावजयीच्या पहिल्या रिपोर्टवर मात्र हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे अशी एक ओळही लिहिली नव्हती, ही माझी दुसरी तक्रार.

या दोन्ही गोष्टी मी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना जानेवारीत प्रत्यक्ष भेटून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माझा आलेख स्वतःजवळ ठेवून घेतला, आणि मार्चच्या रिपोर्टवर पहिल्यांदाच माझे आधीचे चारही आकडे तारखांसह छापून आले. जून ९.६, जुलै ८.५, सप्टेंबर ७.३, डिसेंबर ६.९, मार्च ६.६. खाली बारीक अक्षरांत, रक्ताची कमतरता असल्यास निकालाचा अर्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावा, अशी ओळही होती. ज्यांना औषध बदलून तीन महिने झाले आहेत आणि हिमोग्लोबिन ठीक आहे, त्यांना या लॅबची ही तपासणी मी निःशंकपणे सुचवीन. ज्यांना बदल करून महिनाच झाला आहे त्यांनी साडेचारशे रुपये स्ट्रिपच्या डबीवर खर्च करावेत. खिडकीवर मला मार्चमध्येही वार्षिक पॅकेजची विचारणा झाली. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर पुढच्या तपासणीसाठी सप्टेंबर लिहिले आहे.